दुर्बिणीची पूरक साधने

दुर्बिणीची पूरक साधने म्हणजे खगोलीय दुर्बिणीच्या (दूरदर्शकाच्या) मुख्य भिंगाला किंवा आरशाला जोडून, अथवा त्याच्या सोबतीने, निरीक्षणासाठी वापरली जाणारी उपकरणे होत. नेत्रिका, बार्लो भिंग, शोधक, काटकोनी आरसा, निरनिराळे फिल्टर, आरशांच्या जुळवणीची साधने, तारानकाशा आणि तांबडा दिवा ही त्यांपैकी प्रमुख साधने आहेत. प्राथमिक दुर्बिणींसोबत सहसा दोन नेत्रिका व एक लहान शोधक मिळतो. बाकीची साधने निरीक्षकाला स्वतंत्रपणे निवडावी लागतात.

दुर्बीण किती प्रकाश गोळा करते आणि किती बारीक तपशील वेगळा दाखवते, हे तिच्या पदार्थभिंगाच्या किंवा मुख्य आरशाच्या व्यासावरून ठरते. कोणतेही पूरक साधन ही मर्यादा ओलांडू शकत नाही. वस्तू शोधणे, ती योग्य आकारात पाहणे, प्रतिमा स्पष्ट ठेवणे आणि डोळ्यांचे रक्षण करणे ही पूरक साधनांची कामे आहेत. सूर्यनिरीक्षणाच्या बाबतीत चुकीच्या साधनामुळे दृष्टी कायमची जाऊ शकते.

विशालन आणि त्याच्या मर्यादा

दुर्बिणीचे विशालन पुढील सूत्राने मिळते:

विशालन = दुर्बिणीचे नाभीय अंतर ÷ नेत्रिकेचे नाभीय अंतर

म्हणजेच नेत्रिकेचे नाभीय अंतर जितके कमी, तितके विशालन अधिक. ११४ मिमी व्यास आणि ९०० मिमी नाभीय अंतर असलेली परावर्ती दुर्बीण हे नवशिक्या निरीक्षकांमधील प्रचलित उदाहरण आहे. या दुर्बिणीत २५ मिमी नेत्रिकेने ३६ पट, तर १० मिमी नेत्रिकेने ९० पट विशालन मिळते.

उपयुक्त विशालनाची वरची मर्यादा सर्वसाधारणपणे व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दोन पट मानली जाते. त्यानुसार ७० मिमी दुर्बिणीसाठी ती १४० पट आणि ११४ मिमी दुर्बिणीसाठी सुमारे २३० पट येते. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, परंतु नवा तपशील दिसत नाही. तोच प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरून प्रतिमा मंद व पुसट होते. मोठ्या दुर्बिणींनाही वातावरणातील हवेच्या हालचालींमुळे बहुतेक रात्री २०० ते २५० पटींच्या पुढे जाता येत नाही.

काही स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यांवर ‘६७५ पट’ असा ठळक उल्लेख असतो. ९०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ४ मिमी नेत्रिका आणि तिप्पट विशालन करणारे बार्लो भिंग एकत्र वापरल्यास गणिताने हा आकडा येतो. मात्र ११४ मिमी व्यासासाठी तो उपयुक्त मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट असल्यामुळे निरीक्षणासाठी निरर्थक ठरतो. गॅलिलिओ गॅलिली याने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार मोठे उपग्रह शोधले, तेव्हा त्याच्या दुर्बिणीचे विशालन साधारण २० पट होते.

विशालनाला खालची मर्यादाही असते. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास म्हणजे दुर्बिणीचा व्यास भागिले विशालन. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते आणि वयानुसार हे प्रमाण घटते. प्रकाशशलाका बाहुलीपेक्षा रुंद झाल्यास गोळा केलेल्या प्रकाशाचा काही भाग वाया जातो.

नेत्रिका

नेत्रिका हे सर्वांत महत्त्वाचे पूरक साधन होय. तिची निवड करताना नाभीय अंतरासह दृश्यक्षेत्र, भिंगांची रचना, डोळ्यापासूनचे अंतर आणि नळीचा व्यास या गोष्टी विचारात घेतल्या जातात.

दृश्यक्षेत्र

नेत्रिकेतून दिसणारे वर्तुळ डोळ्याशी जो कोन करते, त्याला आभासी दृश्यक्षेत्र म्हणतात. त्याला विशालनाने भागल्यास आकाशाचा प्रत्यक्ष किती भाग दिसतो, याचा अंदाज येतो. ५० अंश आभासी दृश्यक्षेत्राच्या नेत्रिका वरील ११४ मिमी दुर्बिणीत वापरल्यास पुढील मूल्ये मिळतात:

• ३२ मिमी : २८ पट, सुमारे १.८ अंश
• २५ मिमी : ३६ पट, सुमारे १.४ अंश
• १० मिमी : ९० पट, सुमारे ०.५६ अंश
• ६ मिमी : १५० पट, सुमारे ०.३३ अंश

पूर्ण चंद्राचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असल्याने तो १० मिमी नेत्रिकेत जेमतेम मावतो. कृत्तिका तारकागुच्छाचा ठळक भाग एक अंशाहून अधिक रुंद आहे. तो ३२ किंवा २५ मिमी नेत्रिकेतच एकसंध दिसतो. देवयानी दीर्घिकेचा विस्तार सुमारे तीन अंश असल्याने ती या दुर्बिणीत पूर्ण मावत नाही. म्हणून तारकागुच्छ, मोठे तेजोमेघ आणि वस्तू शोधण्याचे काम यांसाठी कमी विशालन, तर चंद्रावरील विवरे, ग्रह आणि जोडतारे यांसाठी मध्यम ते अधिक विशालन वापरले जाते.

रचना

सतराव्या शतकात क्रिस्तिआन हायगेन्स याने दोन भिंगांची नेत्रिका तयार केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेसी रॅम्सडेन याने दोन भिंगांचीच वेगळी रचना मांडली. या दोन्ही रचनांचे दृश्यक्षेत्र अरुंद असते आणि कमी नाभीय गुणोत्तराच्या दुर्बिणींत त्यांच्या कडेला प्रतिमा बिघडते. तरीही अतिस्वस्त दुर्बिणींसोबत त्या अजून दिल्या जातात. कार्ल केलनर याने १८४९ मध्ये तीन भिंगांची सुधारित नेत्रिका बनवली. व्हिएन्ना येथील भिंगनिर्माता गेओर्ग सिमॉन प्लोस्ल याने १८६० मध्ये चार भिंगांची रचना केली. सुमारे ५० अंश दृश्यक्षेत्र, स्वच्छ प्रतिमा आणि माफक किंमत यांमुळे प्लोस्ल नेत्रिका आजही नवशिक्या निरीक्षकांसाठी प्रमाण मानली जाते. ६० ते ८० अंश किंवा त्याहून रुंद दृश्यक्षेत्राच्या आधुनिक नेत्रिका उपलब्ध आहेत, परंतु त्या जड व महाग असतात.

काही नेत्रिकांचे नाभीय अंतर ८ ते २४ मिमी असे बदलता येते. अशी एकच झूम नेत्रिका अनेक नेत्रिकांचे काम करते. मात्र रुंद दृश्यक्षेत्राची जेथे सर्वाधिक गरज असते त्या कमी विशालनालाच तिचे आभासी दृश्यक्षेत्र बहुधा अरुंद होते.

डोळ्यापासूनचे अंतर

संपूर्ण दृश्यक्षेत्र दिसण्यासाठी डोळा शेवटच्या भिंगापासून ठरावीक अंतरावर ठेवावा लागतो. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. प्लोस्ल नेत्रिकेत ते नाभीय अंतराच्या साधारण ७० टक्के असते. त्यामुळे १० मिमी नेत्रिकेत डोळा भिंगापासून सुमारे ७ मिमीवर आणावा लागतो. केवळ लघुदृष्टी किंवा दूरदृष्टी असलेल्या व्यक्तीला चष्मा काढून, फोकस बदलून स्पष्ट प्रतिमा मिळवता येते. चष्म्याला दंडगोलाकार नंबर असल्यास हा दोष फोकसने दूर होत नाही. अशा निरीक्षकांना १५ ते २० मिमी आय रिलीफ असलेल्या नेत्रिका सोयीच्या ठरतात.

नळीचा व्यास

बहुतेक नेत्रिकांची नळी १.२५ इंच (३१.७५ मिमी) व्यासाची असते. मोठ्या दुर्बिणींत २ इंचांच्या (५०.८ मिमी) नेत्रिकाही बसतात. जुन्या आणि काही अतिस्वस्त दुर्बिणींत ०.९६५ इंच (२४.५ मिमी) व्यासाची नळी आढळते, त्या मापाच्या चांगल्या नेत्रिका मिळणे कठीण असते. सव्वा इंची नळीच्या आतील व्यासामुळे दृश्यक्षेत्रावर बंधन येते. त्यामुळे ४० मिमीची नेत्रिका ३२ मिमीच्या प्लोस्ल नेत्रिकेपेक्षा फारसे अधिक आकाश दाखवत नाही.

बार्लो भिंग

इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो (१७७६–१८६२) याच्या नावाने ओळखले जाणारे हे साधन म्हणजे फोकसर आणि नेत्रिका यांच्यामध्ये बसवले जाणारे अपसारी भिंग होय. ते दुर्बिणीचे परिणामी नाभीय अंतर दोन किंवा तीन पट वाढवते आणि विशालनही त्याच प्रमाणात वाढते. नेत्रिकेचे आय रिलीफ कमी न होता अधिक विशालन मिळणे हा त्याचा मुख्य लाभ आहे.

वरील दुर्बिणीत २५ व १० मिमी नेत्रिकांसोबत दुप्पट बार्लो वापरल्यास ३६, ७२, ९० आणि १८० अशी चार विशालने मिळतात. नेत्रिकांचा संच निवडताना त्यांची नाभीय अंतरे परस्परांच्या नेमकी दुप्पट नसावीत, असा संकेत आहे. अन्यथा बार्लो लावल्यावर हाती असलेलेच विशालन पुन्हा मिळते. तीन किंवा त्याहून अधिक पटींचे प्लास्टिकचे बार्लो भिंग लहान दुर्बिणीत प्रतिमा सुधारण्याऐवजी बिघडवते.

शोधक

दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र अंशभराच्या आसपास असल्यामुळे केवळ तिच्या आधारे आकाशातील इष्ट वस्तू शोधणे अवघड असते. त्यासाठी मुख्य नळीला समांतर असा शोधक बसवतात. शोधकाचे दोन प्रमुख प्रकार आहेत:

• भिंगाचा शोधक : ही एक छोटी दुर्बीणच असते. ‘६×३०’ म्हणजे ६ पट विशालन आणि ३० मिमी व्यास. ६×३० आणि ८×५० ही प्रचलित मापे आहेत. स्वस्त संचांतील ५×२४ शोधकात अनेकदा आत पडदा घालून व्यास आणखी कमी केलेला असतो, त्यामुळे त्यातून मंद तारे दिसत नाहीत.
• लाल ठिपक्याचा शोधक : यात विशालन नसते. काचेवर उमटणारा लाल ठिपका आकाशावर पडल्यासारखा दिसतो आणि निरीक्षक तो इष्ट ताऱ्यावर आणतो. हा प्रकार वापरण्यास सर्वांत सोपा आहे.

लाल ठिपक्याच्या शोधकासाठी जवळपासचे मार्गदर्शक तारे नुसत्या डोळ्यांनी दिसावे लागतात. मुंबई किंवा पुण्यासारख्या प्रकाशप्रदूषित शहरांत ते दिसत नाहीत, तेव्हा भिंगाचा शोधक अधिक उपयोगी पडतो. कोणताही शोधक मुख्य दुर्बिणीशी जुळवलेला नसल्यास निरुपयोगी ठरतो. ही जुळवणी दिवसा दूरच्या एखाद्या मनोऱ्यावर किंवा देवळाच्या कळसावर, सूर्याच्या विरुद्ध दिशेला दुर्बीण रोखून केली जाते.

काटकोनी आरसा

अपवर्ती दुर्बिणीत नेत्रिका नळीच्या मागच्या टोकाला असल्यामुळे डोक्यावरच्या आकाशाकडे पाहताना मान अवघडते. काटकोनी आरसा किंवा लोलक प्रकाश ९० अंशांत वळवून ही अडचण दूर करतो. त्यातून दिसणारी प्रतिमा सरळ, परंतु डावी-उजवी बाजू बदललेली असते. तारानकाशाशी तुलना करताना हे ध्यानात घ्यावे लागते. ४५ अंशांचा प्रतिमा सुलट करणारा लोलक जमिनीवरील दृश्यांसाठी योग्य असतो. न्यूटन पद्धतीच्या परावर्ती दुर्बिणीत नेत्रिका नळीच्या बाजूलाच असल्यामुळे या साधनाची गरज नसते.

फिल्टर

चंद्रप्रकाश दुर्बिणीतून झगझगीत वाटत असला, तरी तो डोळ्यांना अपायकारक नसतो. करड्या रंगाच्या चंद्र-फिल्टरने केवळ ही झळाळी कमी होते. विशालन वाढवून किंवा दुर्बिणीच्या झाकणातील छोटे छिद्र तेवढे उघडे ठेवूनही तोच परिणाम साधतो. ग्रहांसाठीचे रंगीत फिल्टर सौम्य फरक घडवतात. गडद लाल किंवा जांभळे फिल्टर लहान दुर्बिणीतील आधीच मर्यादित असलेला प्रकाश फार घटवतात.

तेजोमेघांसाठीचे अरुंद पट्ट्यांचे फिल्टर विशिष्ट तरंगलांबींचा प्रकाशच पुढे जाऊ देतात. द्विआयनित ऑक्सिजनच्या ४९५.९ व ५००.७ नॅनोमीटर आणि हायड्रोजनच्या ४८६.१ नॅनोमीटर या रेषा त्यांत महत्त्वाच्या आहेत. मृग नक्षत्रातील तेजोमेघासारख्या उत्सर्जक वस्तू या फिल्टरमुळे अधिक उठून दिसतात. तारकागुच्छ व दीर्घिका यांचा प्रकाश सर्व तरंगलांबींत पसरलेला असल्याने तेथे त्यांचा लाभ होत नाही. सोडियम दिव्यांचा प्रकाश ठरावीक रेषांत एकवटलेला असल्यामुळे जुने प्रकाशप्रदूषण-रोधक फिल्टर तो अडवू शकत. एलईडी दिव्यांचा प्रकाश विस्तृत पट्ट्यात पसरलेला असल्याने त्यांच्यापुढे हे फिल्टर कमी प्रभावी ठरतात.

सूर्यनिरीक्षणातील सुरक्षा

उन्हात डोळ्याची बाहुली सुमारे २ मिमीपर्यंत आकुंचित होते. तिच्या तुलनेत ११४ मिमी व्यासाची दुर्बीण सुमारे ३,२५० पट प्रकाश गोळा करते. असा प्रकाश डोळ्यात गेल्यास दृष्टिपटल क्षणार्धात भाजते. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्याने इजा होत असताना ती कळतही नाही.

सुरक्षित सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण व्यास झाकेल असा आणि वाऱ्याने निसटणार नाही असा घट्ट बसवावा लागतो. दृश्य निरीक्षणासाठीचा असा फिल्टर प्रकाशाचा सुमारे एक लक्षांश भागच आत येऊ देतो. प्रत्येक वापरापूर्वी तो प्रकाशासमोर धरून त्याला छिद्रे किंवा चिरा पडल्या नाहीत ना, हे तपासतात. शोधकालाही स्वतंत्र फिल्टर लावतात, त्याचे झाकण बंद ठेवतात किंवा तो काढून ठेवतात.

नेत्रिकेला आट्यांनी बसणारा छोटा काळा सौर फिल्टर अत्यंत धोकादायक असतो. दुर्बिणीने एकवटलेली सर्व उष्णता त्याच्यावर पडते आणि तो अचानक तडकू शकतो. जुन्या किंवा स्वस्त दुर्बिणीसोबत असा फिल्टर आल्यास तो नष्ट करणे हाच योग्य मार्ग मानला जातो. ग्रहणाचे चष्मे नुसत्या डोळ्यांनी पाहण्यासाठी असतात. आयएसओ १२३१२-२ हे मानकही अशाच थेट निरीक्षणापुरते आहे. असा चष्मा घालून फिल्टर नसलेल्या दुर्बिणीतून पाहणे तितकेच घातक ठरते. क्ष-किरणांच्या फिल्म, काजळी धरलेली काच आणि उन्हाचे चष्मे ही साधनेही असुरक्षित आहेत.

सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडणे ही पर्यायी पद्धत लहान अपवर्ती दुर्बिणीने वापरता येते. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने सुचवलेल्या या पद्धतीने १६१२ मध्ये सौर डागांची चित्रे काढण्यात आली. या पद्धतीतही नेत्रिका तापून खराब होऊ शकते. कोणी, विशेषतः लहान मूल, नेत्रिकेला डोळा लावणार नाही, यासाठी दुर्बिणीपाशी सतत जबाबदार व्यक्ती असणे आवश्यक असते.

तारानकाशा आणि तांबडा दिवा

फिरता तारानकाशा विशिष्ट अक्षांशासाठी तयार केलेला असतो. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान असल्याने येथे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर दिसतो. ४० किंवा ५० अंश अक्षांशांसाठी बनवलेला परदेशी नकाशा येथे दिशाभूल करतो. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ पुण्याच्या आकाशात कमाल सुमारे २४ अंश उंचीवर येतो, तर ५० अंश उत्तर अक्षांशावर तो क्षितिजावर येतच नाही.

डोळे अंधाराला पूर्णपणे सरावण्यास २० ते ३० मिनिटे किंवा अधिक वेळ लागतो. पांढऱ्या दिव्याकडे किंवा मोबाइलच्या पडद्याकडे पाहिल्यास हा सराव क्षणात मोडतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडाकृती पेशी तांबड्या प्रकाशाला फारशा संवेदनशील नसल्यामुळे नकाशा वाचण्यासाठी मंद तांबडा दिवा वापरतात. साध्या विजेरीवर लाल जिलेटीन कागदाचे थर लावूनही तो घरी तयार करता येतो.

आरशांची जुळवणी

परावर्ती दुर्बिणीतील मुख्य व दुय्यम आरसे प्रवासात किंचित हलतात. ते पुन्हा एका अक्षावर आणण्याच्या क्रियेला कोलिमेशन म्हणतात. जुळवणी बिघडली असल्यास उत्तम नेत्रिकेतूनही ग्रह पुसट दिसतात. मध्यभागी छिद्र असलेली टोपी, चेशायर नेत्रिका आणि लेझर कोलिमेटर ही त्यासाठीची साधने आहेत. लेझर कोलिमेटर स्वतःच सरळ जुळवलेला नसल्यास चुकीचे मार्गदर्शन करतो. म्हणून प्रारंभी साधी टोपी किंवा चेशायर नेत्रिका अधिक भरवशाची ठरते.

बैठक, मोटर आणि मोबाइल धारक

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसते. खगोलीय विषुववृत्ताजवळची वस्तू ०.५६ अंशाचे दृश्यक्षेत्र सुमारे सव्वादोन मिनिटांत ओलांडते. विषुववृत्तीय बैठकीला मोटर जोडल्यास वस्तू दृश्यक्षेत्रात टिकून राहते. मात्र दृश्य निरीक्षणासाठी हाताने फिरवण्याच्या दांड्या पुरेशा असतात. डुगडुगणाऱ्या तिपाईवर कोणत्याही साधनाचा पूर्ण लाभ मिळत नाही. तिपाईचे पाय कमी लांबवून आणि मध्यभागी वजन टांगून कंपने कमी करता येतात. नेत्रिकेवर मोबाइल बसवणाऱ्या धारकाने चंद्राची चांगली छायाचित्रे घेता येतात.

हवामान आणि निगा

रात्री उघड्या आकाशाखाली काच थंड होऊन दवबिंदूच्या खाली गेली की तिच्यावर दव साचते. अपवर्ती दुर्बिणीच्या तोंडाशी, व्यासाच्या साधारण दीडपट लांबीची काळी नळी लावल्यास दव साचण्यास विलंब होतो. कोकण, गोवा आणि एकूणच पश्चिम किनारपट्टीवर पावसाळ्यातील दमटपणामुळे भिंगांवर बुरशी वाढते. ती भिंगाचा लेप कायमचा खराब करू शकते. यासाठी नेत्रिका हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात. सिलिका जेल ओलावा शोषून निकामी झाल्यावर तापवून पुन्हा वापरता येते. दव साचलेल्या नेत्रिका पूर्ण सुकण्यापूर्वी डब्यात बंद केल्या जात नाहीत.

भिंगावरील धूळ रबरी फुग्याच्या हवेने किंवा मऊ कुंचल्याने काढतात. थोडी धूळ प्रतिमेवर विशेष परिणाम करत नाही. रुमालाने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास मात्र लेपावर कायमचे ओरखडे पडतात.

निवडीचा क्रम

नवशिक्या निरीक्षकासाठी सामान्यतः पुढील क्रम उपयुक्त मानला जातो:

१. स्थानिक अक्षांशाचा तारानकाशा आणि तांबडा दिवा
२. नीट जुळवलेला, वापरण्याजोगा शोधक
३. कमी विशालनाची, २५ ते ३२ मिमीची चांगली नेत्रिका
४. मध्यम विशालनाची नेत्रिका आणि दुप्पट बार्लो भिंग
५. परावर्ती दुर्बीण असल्यास जुळवणीची टोपी किंवा चेशायर नेत्रिका
६. तेजोमेघांचे फिल्टर, मोटर व मोबाइल धारक, आवश्यकतेनुसार

सूर्य पाहायचा असल्यास पुढच्या तोंडावर बसणारा सौर फिल्टर या क्रमाबाहेरची, निरीक्षणाआधीची अट असते. खरेदीपूर्वी निरनिराळ्या नेत्रिकांतून प्रत्यक्ष पाहणे लाभदायक ठरते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) आणि मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थांच्या आकाशदर्शन कार्यक्रमांत तशी संधी मिळू शकते.

हे सुद्धा पहा

• दूरदर्शक
• नेत्रिका
• सूर्यग्रहण
• तारकागुच्छ
• प्रकाशप्रदूषण